तिसऱ्या हाकेला ओ

सूनबाई कचेरीत जुन्या इमारतींची यादी करते. गोऱ्या साहेबांच्या राज्यातल्या, उंच कमानींच्या, आता कबुतरांनी बळकावलेल्या. कुठली ठेवायची नि कुठली पाडायची ते वरचे ठरवतात, पायपीट मात्र हिची. त्या दुपारी म्हणाली, "बाबा, चला ना बरोबर. भिंती तुम्हाला कळतात."

"चाळीस वर्षं गवंडीकाम केलं तेव्हा कळल्या. तुझ्या साहेबाला सांग, त्यानेही घमेली उचलावीत."

तोंडाने असं म्हणालो, पण वहाणा पायात घातल्या. पोर दोन जिवांची, सहावा महिना. एकटी कशी सोडणार?

चार इमारती झाल्या. पाचवी जुनं तारघर. आधी बाहेरून फेरी मारली. मागचा अर्धा भाग कधीच कोसळलेला. एक आडवी भिंत तेवढी उभी, तिच्यामागे गवत आणि मोकळं आभाळ.

मग आत गेलो. लांबलचक बोळ, गारठा, ओल्या कागदांचा कुबट वास. आमचीच पावलं मागून चालत आल्यासारखी वाजत होती. बोळाच्या टोकाला तीच मागची भिंत. तिथलं दार विटांनी बुजवलेलं, छातीएवढ्या उंचीवर एक वीट बसवायची राहिलेली.

"बाबा, पलीकडे तर आभाळ आहे... मग ह्या भोकातून उजेड का येत नाही?"

"कबुतराने घरटं केलं असेल."

घरटं कसलं! भोक काळंकुट्ट होतं आणि त्यातून ओल्या चुन्याचा वास येत होता. ताज्या कालवलेल्या.

आम्हा गवंड्यांची एक रीत आहे. दार बुजवताना शेवटची वीट हातात घेऊन, भोकाला तोंड लावून तीन हाका मारायच्या. आत मांजर अडकलेलं असतं, कधी एखादा पिऊन पडलेला असतो. ओ आली तर काम थांबवायचं. नाही आली तर वीट बसवायची.

"आत कोणी आहे का...?"

आवाज भोकातून आला. पलीकडून. शांत, कामातल्या माणसाचा.

सूनबाई ओ द्यायला गेली. मी तिचं तोंड दाबलं. अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आईने लहानपणीच डोक्यात घातलेलं.

"आत कोणी आहे का...?"

"बाबा, कोणीतरी विचारतंय..." ती माझ्या बोटांमधून कुजबुजली.

"चूप."

तिसरी हाक आली. मग तो थांबला. बराच वेळ वाट पाहिली त्याने. आणि मग थापी घमेल्यावर घासल्याचा आवाज आला. खर्र... खर्र...

तेव्हा माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. तो बाहेर होता. आत आम्ही होतो.

"आहोत! अरे थांब, आहोत आम्ही!" मी घसा फोडून ओरडलो. वीट सरकत आली आणि नेमकी बसली. थापीच्या मुठीने तीन ठोके पडले. बस्स.

तिचा दंड धरून बाहेर पळालो. रस्ता होता तसाच होता, ऊन होतं, गाड्या होत्या. ती हसायला लागली, "कामगार असेल हो कुणी." मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. गवताची काडीही मोडलेली नव्हती.

त्या संध्याकाळपासून ती समोर बसून बोलते, पण आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. गळ्याचे डॉक्टर म्हणतात, गळा चांगला आहे. डॉक्टरीणबाई मात्र पोटावर नळी ठेवून फारच वेळ ऐकत राहिल्या.

छिन्नी घेऊन मी रोज तिकडे जातो. ती वीट काढली. मागे वीट. ती काढली, तर तिच्यामागे आणखी एक. हातभर आत गेलोय. ज्या भिंतीची जाडी मी बाहेरून वीतभर मोजलीय, तिच्यात. तोंड घालून ओरडतो, "आहोत रे बाबा, आहोत!"

चुना पक्का व्हायला तीन आठवडे लागतात. आज अठरावा दिवस.

सकाळी मुलाला म्हटलं, बायकोला घेऊन दुसऱ्या गावी जा. तो चहा पीत माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला ना."