धाकलूबाबाची तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो सुयोग माझा सख्खा मावसभाऊ, आणि साक्षीला अख्खा पाडा होता.

पाडा डोळखांबच्या आतल्या अंगाला. गेल्या वर्षीचा जून. रात्र नव्हती, भरदुपार होती.

पाड्याखालच्या नदीवर छोटा बंधारा आहे. पाणी चढायच्या आत त्याच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर काठावरची भाताची रोपं बुडतात. फळ्या निघाल्या की पाणी एकदम खाली सुटतं, म्हणून त्याआधी पाड्यातला म्हातारा धाकलूबाबा देवळाच्या ओट्यावरून हाका द्यायचा. दोन लागोपाठ. मग तो नदीचं पात्र न्याहाळायचा. खाली कुणीच उरलं नाही असं दिसलं, तरच तिसरी.

तिसरी ऐकल्याशिवाय कुणी फळीला हात लावत नसे.

तो धाकलूबाबा आदल्या भादव्यात नदी ओलांडताना वाहून गेला. सापडलाच नाही, ना तो, ना त्याच्या हातातलं चांदीचं कडं.

त्याच्या तिन्ही हाका सुयोगने आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवल्या होत्या. म्हणून सरपंचांनी फर्मान सोडलं की पंचायतीच्या कॉम्प्युटरवर एक आयकॉन कर, त्यावर क्लिक केलं की भोंग्यावर दवंडी झाली पाहिजे. कॉम्प्युटर लिनक्सवाला. सुयोगने चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे हाका वाजवणारा छोटा प्रोग्राम, लिहिली आणि तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला.

तिथून त्याच्या डोक्याचा भुगा झाला.

क्लिक केलं की स्क्रिप्ट चालायच्या ऐवजी वाचायलाच उघडायची. त्याने चालवायची परवानगी दिली. मग काहीच होईना. फाइलचा पूर्ण पत्ता टाकला. तरी ढिम्म. टर्मिनलमधून, म्हणजे हाताने कमांड टाइप करून, मात्र तीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालत होती. वैतागून त्याने माउस आपटला.

डोंगराकडे आभाळ दाटलं होतं. पाणी चढत होतं. काठावरची रोपं त्याच्या आईची, म्हणजे बाईजामावशीची होती. ती गेली तर वर्षभराचा तांदूळ गेला.

शेवटी शॉर्टकट चालला.

पहिली हाक घुमली...

दुसरी...

आणि शांतता.

त्याने पुन्हा क्लिक केलं. पुन्हा दोनच. हेडफोन लावून टर्मिनलमधून चालवलं, तर तीन. आयकॉनवरून दोन. स्क्रिप्ट तीच, फाइल तीच. त्याला रडू यायचं बाकी होतं.

बंधाऱ्यावरून नामाकाकाचा फोन आला. "तिसरी कुठं हाय रे? आमी हात नाय लावायचो."

सुयोग म्हणाला, थांबा, टर्मिनलमधूनच लावतो. त्याने हेडफोन काढला, भोंग्याची वायर जोडली. तेवढ्यात मागून आईने त्याचं मनगट धरलं.

"ती तू जबरीनं काढलेली हाक, त्याची नाय," बाईजामावशी म्हणाली. "पात्रात कोणतरी हाय. म्हणून थांबलाय तो."

सुयोगला असला राग आला... पण हात मागे घेतला.

बंधाऱ्यावरची माणसं पात्रात उतरली. वरपासून खालपर्यंत धुंडाळलं. कुणी नव्हतं. कपडे धुणाऱ्या बायका कधीच वर गेल्या होत्या. मग बंधाऱ्याच्या पायथ्याशी, दगडांच्या कपारीत, नामाकाकाला काहीतरी चमकताना दिसलं.

चांदीचं कडं होतं.

कडं हाडाला अडकलेलं होतं.

धाकलूबाबाला वर आणलं. पंचायतीत सुयोग खुर्चीवर तसाच बसून होता. एक अक्षर न बदलता त्याने त्याच आयकॉनवर क्लिक केलं.

पहिली. दुसरी.

थोडा वेळ गेला, कुणी पात्र न्याहाळावं तेवढा...

तिसरी.

फळ्या निघाल्या. रोपं वाचली. धाकलूबाबाचं दिवसकार्यही रीतसर झालं. सुयोग मला म्हणाला होता, काहीतरी बिघाड असेल, सापडला की सांगतो. अजून सापडलेला नाही.

हे सगळं मी आज लिहितोय, कारण आज पुन्हा फळ्या काढायच्या होत्या. सुयोगचा मघाशी फोन आला. आवाज पार उतरला होता.

आयकॉनवरून दोनच हाका आल्यात. सकाळपासून दोनच.

पात्र दोनदा पालथं घातलं. काही नाही. घरोघरी जाऊन माणसं पाहिली. सगळी आहेत, एकही कमी नाही.

पाणी चढतंय. आणि बंधाऱ्यावर कुणीही फळीला हात लावायला तयार नाही.