न मिसळलेले केस

शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कुरळी मालकांना सांगून विग परत करायला निघाली. काम साधंच होतं. पिशवीत खोका, खोक्यात विग आणि डोक्यात कित्येक दिवसांचा साठलेला वैताग. हा तिचा दुसरा विग. पहिला असा दिसायचा की घाईघाईत शेजाऱ्याची टोपी उचलून आणली असावी. हा दुसरा बसायचा नीट, पण त्याच्या सगळ्या बटा एका मापाच्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला ती वाकली की समोरच्याची नजर तिच्या डोळ्यांवर नसायची, चार बोटं वर असायची. वरून आतली जाळी अशी चावायची की हातातली फ्रेम सांभाळावी की डोकं खाजवावं हेच तिला कळायचं नाही.

लहानपणापासून तिला सगळे कुरळीच म्हणत. डोक्यावर केसांचं असं रान होतं की शाळेत त्यात खोचलेली पेन्सिल घरी येईपर्यंत सापडायची नाही. मग चाई पडली. आधी कानामागे नाण्याएवढी, मग टाळूवर, आणि बघता बघता सगळं मैदान साफ. डॉक्टर म्हणाले, येतील परत, किंवा नाहीही येणार. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा? नणंदेनं कांद्याचा रस सुचवला, शेजारणीनं लसूण. दोन्ही चोळून झाल्यावर फक्त फोडणीत पडायचं बाकी राहिलं होतं. केस गेले आणि नाव तेवढं राहिलं.

लोकांचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नसतं. खरं दुखणं घरात होतं. तिची चार वर्षांची मुलगी, दिवसभर गरगर फिरते म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, ती तान्ही असल्यापासून आईची बट बोटाला गुंडाळून झोपायची. बट नाही तर झोप नाही. केस गेले तसं तिनं आईच्या कुशीत येणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका दुपारी कुरळीनं तिला जवळ ओढलं, तर पोरीनं तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि पाहुण्या बाईला विचारावं तसं विचारलं, "माझी आई कधी येणार?"

त्या प्रश्नावर कुरळी हसली होती. मग न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून पोटभर रडली होती. पोरीला पुन्हा कुशीत आणायचं, बाकी काही नको, एवढंच तिनं तेव्हा ठरवलं.

विगवाल्या काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर बिनचेहऱ्याची लाकडी डोकी. धुतलेल्या केसांचा दमट वास. काका खिडकीशी बसून बारीक आकडीच्या सुईनं जाळीत एकेक केस गाठ मारून ओवत होते.

"काका, काय दिलंत हे मला? नुसत्या स्प्रिंगा आहेत. मुलीनं हात लावला आणि म्हणाली, बाहुलीचे आहेत."

"मुलं फसत नाहीत हो ताई." काकांनी मान वर केली नाही. "खऱ्या केसांचा हवा तर दोन महिने लागतील. तुमचे गळत होते तेव्हाच आणून द्यायचे होते. पुष्कळ बायका आणतात. त्यांच्याच केसांचा टोप करून देतो मी त्यांना."

"आता नाही सुचलं तेव्हा! आणि दोन महिने थांबले तर पोरगी मला विसरेल, काका. निम्मी विसरलीच आहे."

बोलता बोलता तिची नजर वरच्या फळीवर गेली. पांढऱ्या फडक्याखालून एक बट खाली आली होती. तिनं विचारलं नाही, सरळ फडकं उचललं. काळेभोर कुरळे केस, एकही बट दुसरीसारखी नाही. कुठे घट्ट, कुठे सैल, कानापाशी जरा हट्टी. अगदी तिचे होते तसे.

"तो नाही, ताई." काका आता उठून उभे राहिले. "तो एका बाईंच्या स्वतःच्या केसांचा आहे. मोठं आजारपण होतं. औषधांनी जायच्या आधीच केस कापून देऊन गेल्या... न्यायला आल्या नाहीत."

"किती दिवस झाले?"

"वर्ष उलटलं. असा टोप अख्खा विकायचा नसतो. उसवायचा, आणि त्यातले केस आणखी चार डोक्यांच्या केसांत मिसळायचे. मिसळले की ते कुणाचेच राहत नाहीत. माझ्या गुरूंनी घालून दिलेली रीत आहे. मिसळून नवीन करून देतो की तुम्हाला."

"दोन महिन्यांनी!"

"दोन महिन्यांनी."

कुरळीचं डोकं फिरलं. ज्याला त्याला रीत सुचत होती, रस सुचत होते, धीर धर म्हणणं सुचत होतं, आणि तिकडे तिची पोर भिंतीला तोंड लावून झोपत होती. तिनं टोप उचलला आणि डोक्यावर चढवला. ना चावला, ना सरकला. आरशात ती तीच होती, वर्षापूर्वीची. काका काहीतरी म्हणत होते, पण ती ऐकत नव्हती, रडत होती. शेवटी त्यांनीही हात टेकले. रडणाऱ्या बाईच्या डोक्यावरून टोप ओढून घ्यायला त्यांचा हात धजला नाही.

त्या दिवशी भिंगरी धावत आली. तिनं बट धरली, ओढून पाहिली, बोटाला गुंडाळली आणि कुशीत शिरून गाढ झोपली. कुरळीला तर जग जिंकल्यासारखं झालं. नवरा दारातून बघत होता, तोही डोळे पुसत आत गेला. तो कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दुपारी मुलीपाशी असायचा. पोरीचं झुरणं त्यानंही पाहिलं होतं.

पण सुख पचायचं म्हटलं तरी नशीब लागतं. कुरळी डावीकडे भांग पाडून दुकानात जायची आणि जेवणाच्या सुट्टीत बघावं तर भांग उजवीकडे. पिना लावल्या, पाणी लावलं, शिव्या घातल्या. भांग आपला उजवीकडेच. केस दोनदा धुतले तरी घामेजल्या अंथरुणासारखा एक वास त्यातून जाईना. या सगळ्याची तिला भीती वाटत नव्हती, चीड येत होती. एवढी हुज्जत घालून आणलेली वस्तू, तीही नीट वागू नये?

सुट्टीच्या एका दुपारी बट गुंडाळता गुंडाळता भिंगरी म्हणाली, "आता पुढची सांग."

"पुढची काय?"

"गोष्ट. काल कोल्हा विहिरीत पडला होता ना... तिथून पुढे."

कुरळीनं कोल्ह्याची गोष्ट कधी सांगितली नव्हती. तिला ती येतही नव्हती. तिनं काहीतरी जुळवून सांगायला सुरुवात केली, तर पोरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू नको," ती म्हणाली, आणि बट कानाशी नेऊन डोळे मिटून पडून राहिली. मध्येच हसली. मध्येच "मग?" म्हणाली.

त्या दिवशी कुरळीला पहिल्यांदा मत्सर वाटला. केसांचा मत्सर! कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिनं टोप तिसऱ्यांदा धुऊन खिडकीत, काकांकडून टोपासोबत आणलेल्या लाकडी डोक्यावर वाळत ठेवला आणि रुमाल बांधून दुकानात गेली. सुट्टीत नवऱ्याला फोन केला.

"भिंगरी झोपली का रे?"

"अगं, तूच तर झोपवलंस."

"मी?"

"जेवायला घरी आली होतीस ना? मी मागच्या खोलीत पडलो होतो. तू तिला गोष्ट सांगत होतीस... म्हणून उठलो नाही."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा तिला दिसेना.

"कुरळे? आहेस ना?"

"कसली गोष्ट होती?" तिनं हळूच विचारलं.

"ऐकू नाही आलं नीट. आवाज फार खोल होता तुझा... बरं नाही का वाटत तुला?"

तिनं मालकांना कारण सांगितलं नाही. घरी आली, टोप लाकडी डोक्यावरून ओरबाडला, पिशवीत कोंबला आणि तशीच काकांकडे गेली.

"उसवा. आत्ता, माझ्यासमोर. मिसळून टाका."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि जाळीला कात्री लावली. झुपक्या झुपक्यानं केस मोकळे केले, खिळे ठोकलेल्या पाटावरून ओढून विंचरले, मग कोपऱ्यातल्या चार जुड्या सोडून त्यांत मिसळले. पुन्हा विंचरले, पुन्हा मिसळले. शेवटी समोर नुसता काळा ढीग उरला. त्यातला कुठला केस कुणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. कुरळीनं डोळ्यांत तेल घालून सगळं पाहिलं आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं ना आता, काका? आता ते कुणाचेच नाहीत ना?"

"केस नाहीत कुणाचे." काका हात पुसत राहिले. "पण ताई, ही रीत आधीची आहे. डोक्यावर चढण्याच्या आधीची. एकदा त्या बाईंना कुणी जीव लावला, की मग नुसते केस मिसळून..."

कुरळीला पुढचं ऐकायचं नव्हतं. ती डोक्याचा रुमाल सोडून, उघड्या टाळूनं, भर उन्हातून घरी निघाली. आता पोरीला जे आहे ते असंच दाखवायचं. रडेल, रुसेल, आठ दिवस भिंतीकडे तोंड करेल. मग येईल. आपलीच पोर आहे, जाते कुठे? इतके दिवस हे का सुचलं नाही, याचाच तिला राग येत होता. वाटेत दोघं-तिघं वळून बघत राहिले. तिनं पर्वा केली नाही.

घरात शांतता होती. नवरा मागच्या खोलीत घोरत होता. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पडद्यातून पिवळट ऊन पलंगावर आलं होतं, आणि खोलीत तो वास होता, घामेजल्या अंथरुणाचा.

भिंगरी कुशीवर निजली होती. भिंतीकडे नाही, बाहेरच्या बाजूला तोंड करून. डोळे उघडे होते. तिच्या शेजारची उशी रिकामी होती, पण मधोमध खोल दबलेली. पोरीचा हात त्या उशीवर होता आणि तिचं बोट संथपणे हवेत गोल गोल फिरत होतं... काहीतरी गुंडाळल्यासारखं.

"बाळा," कुरळी कुजबुजली. "बघ, मी आलेय... आई."

पोरीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डोक्याकडे. घाबरली नाही. परक्या माणसाशी नीट बोलावं असं तिला शिकवलेलं होतं, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "हळू बोला ना... आई आत्ताच झोपलीये."

कुरळीच्या आत जे पेटलं ती भीती नव्हती. ती पुढे झाली, पलंगावर गुडघा टेकला आणि त्या रिकाम्या उशीवरून पोरीचा हात आपल्याकडे ओढला. हात आला नाही. पुन्हा ओढला. पोरीच्या कोवळ्या बोटाभोवती एक बारीक खाच पडत चालली होती, आणि बोटाचं टोक हळूहळू लाल होत होतं.

भिंगरीचा चेहरा रडवेला झाला.

"नका ना ओढू, मावशी..." ती म्हणाली. "तिला दुखतं."