दमले की दम लागला?

दमलेलं माणूस आडवं झालं की झोपतं, एवढं अकरा वर्षांच्या नीरजाला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तर हल्ली गणिताच्या तासालाही पेंगायची. मग आई दुपारी तीन उशा पाठीशी लावून बसल्या बसल्या का झोपते? महिन्यापूर्वी तर तिला एक उशी पुरत होती.

आईला कर्करोग (शरीरातल्या पेशी बेलगाम वाढत सुटण्याचा आजार) झाल्याचं कळून चार महिने झाले होते. बाबा नोकरीपायी परगावी, ते शनिवारीच यायचे. घरात नीरजा, आई आणि दवाखान्याने धाडलेला एक यंत्रमानव. दिसेल ते टिपून ठेवायची त्याची खोड पाहून नीरजाने त्याचं नाव टिपण्या ठेवलं होतं. तो रोज सकाळी विचारायचा, "ताई, आज कसं वाटतंय?" आई म्हणायची, "दमले रे." मग टिपण्या 'थकवा, अपेक्षित' असं लिहायचा आणि त्याच्या छातीवर हिरवा दिवा लागायचा. त्या हिरव्या दिव्याचा नीरजाला आताशा वीट आला होता.

बुधवारी तर टिपण्या भलताच खुशीत होता. "पाच दिवसांत वजन दोन किलो वाढलं. अभिनंदन!"

"दोन घास खाऊन ताट सारते ती," नीरजा वैतागली. "वजन वाढेल कसं?"

तेवढ्यात आई न्हाणीघरातून आली. पलंगापर्यंतची आठ पावलं, पण ती दोनदा थांबली.

"नीरू, उद्या... डोस आहे. पिशवी... भरून ठेव."

तिच्या घोट्यांवर मोज्यांचे खोल वण उमटले होते.

"आई, तुला दम लागतोय?"

"दमलेय गं नुसती. आणि डॉक्टरांना... काही सांगू नकोस. डोस लांबवतील. तेवढ्यात तो मेला आजार... फोफावेल."

नीरजा स्वयंपाकघरात फरशी पुसायला बसली, पण हात चालेना. सांगितलं आणि उपचार थांबले तर? नाही सांगितलं आणि आईला काही झालं तर? विचार करकरून तिला रडू यायला लागलं. शेवटी तिने टिपण्यालाच हाक मारली.

"दम लागला, तर तू कुठं लिहितोस?"

"थकव्याच्या रकान्यात. दमणे, दमणूक, दम लागणे, सगळं तिथंच."

"अरे गधड्या! दमणं वेगळं, दम लागणं वेगळं. मी फरशी पुसून दमते. आईला श्वास पुरत नाही!"

टिपण्याने जुन्या नोंदी चाळल्या. "ताई अकरा वेळा स्वतःशीच पुटपुटल्या, बोलताना दम लागतो. अकराही नोंदी चुकल्या." छातीवरचा दिवा लाल झाला. "डॉक्टरांना कळवू?"

नीरजाने डोळे पुसले. "कळव."

ते कळताच आईने रागाने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण पंधरा मिनिटांत पडद्यावर डॉक्टर मुल्ला आल्या. त्या कर्करोगाच्या रुग्णांची हृदयं सांभाळायच्या. त्यांच्या सांगण्यावरून टिपण्याने आईच्या छातीवर यंत्र टेकवून इको (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं हलतं चित्र) काढला.

"नीरजा, हातातलं फडकं पीळ बघू," डॉक्टर म्हणाल्या. "हृदय दर ठोक्याला स्वतःला असंच पिळतं आणि आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं. आईच्या डोसमधलं लाल औषध रोगाच्या पेशी मारतं, पण काही जणांच्या हृदयस्नायूलाही (ज्या मांसाचं हृदय बनतं त्याला) कमकुवत करतं. मग पीळ ढिला पडतो. उपचारांआधी आईचं हृदय शंभरातले साठ भाग बाहेर टाकत होतं. आज बेचाळीस."

"मग बाकीचं?"

"मागं तुंबतं. त्यातलं पाणी फुफ्फुसांत झिरपतं. आडवं झालं की दम वाढतो, म्हणून उशा. पायांत उतरतं, म्हणून मोज्यांचे वण."

"आणि ते दोन किलो?" नीरजाने विचारलं, आणि स्वतःच ओरडली, "पाणी!"

"अगदी बरोबर. उद्या लाल औषध द्यायचं नाही, त्याने हृदय आणखी खचलं असतं. पण ताई, तुमचे उपचार सुटणार नाहीत. कर्करोगाचे डॉक्टर आणि मी मिळून दुसरं औषध ठरवू. आजच दाखल व्हा. हृदयाची औषधं लगेच सुरू करू. लवकर कळलं की बऱ्याचदा हृदय सावरतं."

आईने वळून नीरजाचा ओला हात हातात घेतला.

पंधरा दिवसांनी आई घरी आली तेव्हा आकडा अठ्ठेचाळीसवर आला होता. नवं औषध सुरू झालं होतं, उशा दोनच लागत होत्या. सकाळी टिपण्याने नवा प्रश्न विचारला. दवाखान्याने तालुक्यातल्या प्रत्येक यंत्रमानवाला आता तो शिकवला होता.

"ताई, दमलात की दम लागतोय?"

"दमले," आई एका दमात म्हणाली आणि हसली.

मग टिपण्या वळला. "आणि नीरजा, तू?"

चार महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"दमले रे," ती म्हणाली. "खूप दमले." आणि आईशेजारी, बिनउशीची, आडवी होऊन झोपून गेली.