जांभळ्या प्रकाशाचं उत्तर

चौथ्या उत्तरपत्रिकेवर विभागप्रमुख बाईंचा पेन अडखळला. दहाव्या उत्तरपत्रिकेपर्यंत शंकेला जागा उरली नाही. फोटोइलेक्ट्रिक परिणामाच्या गणिताला जवळजवळ सगळ्या वर्गाने एकसारखंच चुकीचं उत्तर लिहिलं होतं: ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

प्रश्नात तांबडा प्रकाश होता. त्याच्या फोटॉनची ऊर्जा इतकी तुटपुंजी, की त्या धातूतून एकही इलेक्ट्रॉन सुटू नये. ०.८ हे उत्तर जांभळ्या प्रकाशाचं, आणि जांभळा प्रकाश फक्त मूळ मसुद्यात होता. छपाईला देताना बाईंनीच तो बदलला होता. मसुदा पाहिलेले दोघंच: त्या, आणि पेपर काढणारे, या वर्गाला शिकवणारे सर.

पेपर फुटला होता. छडा लागला नाही, तर सगळ्या वर्गाचं वर्ष पाण्यात जाणार होतं.

बाईंना हा विषय सरांनीच शिकवलेला. त्यांना विचारायचं बाईंच्या अगदी जिवावर आलं.

“सर, मसुदा कुणाच्या हाती लागला असेल?”

“छे. कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते. तुझा मुलगा कितवीला गं आता?”

“आठवीला.”

“हुशार असणार. बस ना, उभी का? मुलगा कितवीला तुझा?”

बाईंनी पुन्हा सांगितलं. वय झालं, दुसरं काय.

मग वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी आली.

“उत्तर कुणी दिलं?”

“कुणी नाही, मॅडम.”

“वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ दे.” तिचे डोळे भरून आले होते.

एकाच मुलाचं उत्तर बरोबर होतं. परीक्षेआधीचा आठवडा तो तापाने घरी पडून होता.

संध्याकाळी रिकाम्या वर्गात बाई सरांसमोर बसल्या.

“सर, चोरलेला पेपर आजारी मित्रालाही मोबाइलवर मिळाला असता. त्याला मिळाला नाही, कारण पेपर या फळ्यावर फुटला. हे गणित तुम्हीच सोडवून दिलंत. परीक्षेत धातू तोच दिसल्यावर पोरांनी पुढचं वाचलंही नाही.”

“मी? शक्यच नाही.”

“तुम्हाला आठवत नाही, सर. सकाळी माझ्या मुलाचं दोनदा विचारलंत. वर्गाला हे कधीचं ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं. वर्ष गेलं तरी चालेल, पण तुमची नोकरी जायला नको त्यांना.”

सरांनी मान वळवून फळ्याकडे पाहिलं. बाईंना रडू आवरेना.

“वेडी आहेत पोरं,” सर म्हणाले. “त्यांची परीक्षा पुन्हा घे. आणि माझा राजीनामा लिही, मी सही करतो.”

“उद्या बोलू, सर.”

“आत्ताच लिही. उद्या तुला हे सगळं मला पुन्हा सांगावं लागेल.”