सरासरीखालचं दार

मिरजेच्या सुयोग सोसायटीत दूधवाला हल्ली पिशवी ठेवण्याआधी दाराच्या चौकटीकडे बघतो. तिथे पतदिवा असतो. घराची पत, म्हणजे कर्ज घेऊन ते वेळेवर फेडण्याची लायकी, तीनशे ते नऊशेच्या अंकात मोजायची आणि इमारतीच्या सरासरीशी ताडून पाहायची, एवढंच त्याचं काम. सरासरीच्या वर असाल तर हिरवा, खाली असाल तर लाल. लाल दारात दूधवाला आधी पैसे मागतो.

चोवीस घरांची सरासरी होती ७३१. सेक्रेटरी दिगंबर चिपड्यांचा अंक ७३७. या सहा अंकांच्या जोरावर हा गृहस्थ छाती काढून जिना उतरायचा. जन्मात दुसऱ्या कशात वर गेला नव्हता, बिचारा. डोक्यावर तीन कर्जं, पण हप्ते वेळेवर, म्हणून इभ्रतदार.

लाल दार एकच. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू सुलभाबाई तोरस्कर, साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या. अंक ५१०. बाईंनी आयुष्यात कर्जच काढलं नव्हतं. यंत्राला फेडलेलं कर्ज कळतं, न काढलेलं कळत नाही. आणि यंत्राला कळत नाही ते सुयोगमध्येही कुणाला कळत नाही.

शनिवारी सभेत चिपडे म्हणाले, "बाई, एक फ्रिज घ्या हप्त्यावर."

"फ्रिज आहे माझ्याकडे. रोखीनं घेतलाय."

"तिथंच चुकलात. दुसरा घ्या. हळूहळू अंक चढेल."

"एकोणीस वर्षांत माझं भाडं एकदा तरी चुकलंय का?"

"भाडं कोण मोजतं? तुमच्यापायी सरासरी पडते, अख्ख्या इमारतीचा विमा महागतो. फ्रिज घ्या, नाहीतर जागा सोडा."

"नको असलेल्या वस्तूसाठी मी कुणाची देणेकरी होणार नाही," सुलभाबाई म्हणाल्या.

मग तेवीस हात वर झाले. त्यांतल्या निम्म्या बायकांच्या अंगावरच्या साड्यांना फॉल बाईंनीच लावला होता. लाज वाटायला निदान तेवढं पुरे होतं, पण नाही वाटली.

रविवारी सकाळी बाईंचं मशीन आणि रोखीचा फ्रिज टेम्पोत चढला. हात लावायला कुणी आलं नाही. चिपडे तेवढे गॅलरीतून बघत होते.

दुपारी सरासरी चढली, ७४१ झाली. चिपड्यांनी पेढे मागवले. पेढे घेऊन वर आलेली त्यांची बायको मालन दारातच थांबली.

"अहो, आपला दिवा लाल का झालाय?"

"बिघडला असेल."

बिघडलेला नव्हता. चिपडे कालही ७३७ होते, आजही ७३७च. इमारतीत आता नऊ दारं लाल होती आणि त्यांत सगळ्यांत खाली चिपड्यांचं होतं. हिशेब चौथीतल्या पोराला जमला असता. सेक्रेटरींना जमला नव्हता.

तेवढ्यात खजिनदार हिराचंद मगदूम जिना चढून आले. पेढा घेतला, चौकटीकडे पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "चिपडेसाहेब, तुमचा फ्रिज जुना झालाय का हो?"