बुवांच्या गाडीला इंजेक्शन

मिरजोळ्याच्या वळणावर हरिश्चंद्रबुवांची जुनी विलायती गाडी आचके देत थांबली. कीर्तनकार बुवा मागच्या सीटवर डोळे मिटून आख्यान घोळवत होते, त्यांना पत्ताच नाही. खाली उतरली ती त्यांची लेक दमयंती. बुवांची नजर अधू झाल्यापासून गाडी तीच चालवी, आणि कीर्तनात बुवांच्या मागे उभी राहून झांजही तीच वाजवी.

फाल्गुनाचं ऊन, वाऱ्यावर काजूच्या बोंडांचा आंबूस वास… दमयंतीनं पदर खोचला, बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचं बारीक भोकाचं जेट काढून ओठांशी नेलं, तोच मागून आवाज आला.

"फुंकू नका हो! पेट्रोल आहे ते, बासरी नव्हे."

रस्त्याकडेच्या गॅरेजच्या दारात एक तरुण उभा होता. शर्ट तेलकट, डोळे हसरे.

"बासरी असती तर तुम्हांला दिली असती," दमयंती म्हणाली आणि तिनं जेट फुंकलंच. कचरा उडाला. जेट बसवून तिनं गाडी चालू केली, स्क्रू किंचित फिरवला, कान दिला, पुन्हा किंचित मागे घेतला.

"हे कशावरून ठरवता?"

"तंबोरा लावतात तसं. सुरात आली की कळतं."

तो हसला नाही. वाकून त्यानंही इंजिनाला कान लावला. दोघांच्या कानांत वीतभर अंतर… दमयंतीच मागे सरली.

"मी महिपत," तो म्हणाला. "बहारिनला गॅरेजात असतो, सुट्टीवर आलोय. हे गॅरेज मित्राचं. आत या, एक गंमत दाखवतो."

गंमत म्हणजे ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळलेला फ्युएल इंजेक्शनचा संच. तिकडं भंगारात गेलेल्या, अशाच इंजिनाच्या गाडीचा. बाळंतविड्यासारखा त्यानं तो उलगडून मांडला.

"कार्बोरेटरात इंजिन श्वास घेतं नि त्या ओढीनं पेट्रोल आत येतं. इथं ओढ नाही. विजेचा पंप पेट्रोल लोटतो, या तोट्या मोजून फवारतात. घाटात धाप लागणं नाही, की जेट फुंकणं नाही."

"मोजतं कोण?"

"ही डबी."

"तिला कसं कळतं?"

"हवा किती आत गेली ते बघते."

"आणि डबीच रुसली तर?"

"तर… मी आहे ना."

"तुम्ही तर बहारिनला!"

महिपत बोळ्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

पुढं दमयंतीच्या मिरजोळ्याला खेपा सुरू झाल्या. कधी आवाज बारीक लागतो म्हणून, कधी जाड लागतो म्हणून. बुवाही गाडीतूनच हाक मारत, "महिपतराव, त्या यंत्राचं निरूपण पुन्हा होऊ दे!" आणि श्रोत्यासारखी मान डोलावत. ऐकून झालं की म्हणत, "काय बसवायचं ते दमीनं ठरवावं. गाडी तिच्या हातची."

पण दमयंतीनं ठरवायचं तरी कसं? इंजेक्शन दुरुस्त करणारा माणूस सगळ्या रत्नागिरीत हा एकच. तो राहणार असेल तर इंजेक्शन, जाणार असेल तर कार्बोरेटर. इतकं सरळ होतं. आणि तेवढंच विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

रामनवमीच्या आदल्या दिवशी महिपतनं कार्बोरेटर लखलखीत करून दिला. ट्रंकेला कुलूप घातलं. "हाच बरा," एवढंच म्हणाला.

"बरं," दमयंती म्हणाली. घरी येऊन तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं.

"जाण्याआधी एक रामजन्म ऐकून जा," असं सांगून बुवांनी दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घेतलंच. लांज्याजवळच्या एका गावात बुवांचं दरसालचं कीर्तन. पूर्वरंग रंगला, आख्यान कौसल्येच्या महालापाशी आलं, आणि दिवे गेले. लाउडस्पीकर मुका झाला. तशी देवळातली दोन माणसं उठली, गाडीचं बॉनेट उघडून बॅटरी काढू लागली.

महिपत धावला. "अहो, बॅटरी कुठं नेता?"

"कीर्तनाला!" त्यातला म्हातारा काशीराम म्हणाला. "नवीन दिसता. वीज दरसाल जाते, बॅटरी दरसाल लागते. रामराया काय मुक्यानं जन्मेल होय?"

भर माध्यान्ही पाळणा हलला. फुलं उधळली, बुवांचा आवाज पार शेताच्या बांधापर्यंत गेला. झांज वाजवता वाजवता दमयंतीची नजर एकदाच खांबाकडे गेली. महिपत तिच्याकडेच बघत होता. आणि आज त्यानं नजर काढून घेतली नाही.

कीर्तन सरलं, बॅटरी परत बसली. किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. दमयंतीनं निमूटपणे इंजिन हातानं फिरवायचं हॅन्डल महिपतच्या हाती दिलं. त्यानं जोर लावून फिरवलं… पुन्हा फिरवलं… गाडी घुर्रकन जागी झाली.

"इंजेक्शन असतं तर आज इथंच मुक्काम होता," तो धापा टाकत म्हणाला. "पंपाला भरलेली बॅटरी लागते."

"मग बरंच झालं, ट्रंकेला कुलूप घातलंत ते."

"तसं नव्हे… दोन लागतील. एक कीर्तनाला, एक पंपाला."

दमयंतीच्या हातातली झांज आपसूक वाजली. "आणि ती दुसरी चार्ज करून कोण आणणार?"

"मी."

"दरसाल?"

"दर कीर्तनाला."

"गाडीसाठी राहताय होय?" तिनं मान वळवली. "मग नकोच ते. माझा कार्बोरेटर मला फुंकता येतो."

गाडी घुरघुरत होती, पलीकडे काशीराम उगाचच चप्पल शोधत होता.

"तुझ्यासाठी राहतोय, दमयंती," महिपत म्हणाला. "काल कुलूप लावलं नि रात्रभर… नाही जात मी."

"एवढं बोलायला इतके दिवस लागले?"

"हॅन्डल मारावं लागलं ना!"

ती खुदकन हसली. तेवढ्यात बुवांची हाक आली, "दमे, महिपतरावांना सुंठवडा दिलास का गो?"

तिनं चिमूट पुढं केली. त्यानं तेलानं काळे झालेले दोन्ही हात उघडून दाखवले. आता काय करावं? देवळाच्या पायऱ्यांवर सगळं गाव… दमयंतीनं एकवार गावाकडे पाहिलं, एकवार त्याच्याकडे, आणि सुंठवडा सरळ त्याच्या तोंडात घातला.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागला?"

"लागला."

"सवय करा," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवर बसता बसता तिनं शेजारचं दार आतून उघडलं.