मायपट्टी

सारिकानं मायपट्टी तिसऱ्याच दिवशी दंडावरून ओढून काढली आणि म्हशीच्या कानामागं चिकटवली. तुम्ही म्हणाल, असं कुणी करतं का? पण शेत हळदीचं, दिवस काढणीचे, शिजत्या हळदीची वाफ अंगावर, आणि पट्टीखाली नुसती खाज. त्यातच त्या म्हशीचं, बिजलीचं, रेडकू दगावलेलं, त्यामुळे ती पान्हा सोडायला तयार नव्हती. आणि घरात बाळ भुकेलं होतं.

हे बाळ सारिकाच्या नवऱ्याला, व्यंकटला, हळदीच्या पाल्याच्या ढिगाआड सापडलं. जुन्या साडीत गुंडाळलेलं, काविळीनं पिवळंधम्मक. सोळा वर्षं दवाखाने आणि नवस करून थकलेल्या या दोघांनी ते उचललं, बालकेंद्राला कळवलं. मुलगी दवाखान्यातून बरी होऊन त्यांच्याकडे आली ती एका अटीवर: सांभाळणाऱ्या बाईनं मायपट्टी लावायची.

पट्टी दोन बोटं रुंद. ती बाळाचं रडणं ओळखायची आणि त्याच क्षणी कातडीतून ऑक्सिटोसिनचा थेंब रक्तात सोडायची. आईच्या दुधाला वाट देणारा, तिला बाळाकडं ओढणारा हा रस. परक्या बाळाचा लळा लागावा म्हणून शास्त्रज्ञांनी काढलेली ही युक्ती. ती आल्यापासून सांभाळायला दिलेली बाळं परत येईनाशी झाली होती. सहा महिन्यांनी थेंब आपोआप थांबत. मग पट्टी फक्त मोजत राही, की बाळ रडल्यावर बाईच्या अंगात आपणहून किती रस येतो.

"अगं, हे तर तेच," माहितीपत्रक वाचून व्यंकट म्हणाला होता. "दूधवाले चोरून म्हशीला टोचतात ना, ते."

बाईत आणि म्हशीत हा रस एकच असतो, एवढं त्यानं बरोबर ओळखलं. तिथंच सारिकाच्या डोक्यात ती गोष्ट शिरली.

पाळणा गोठ्यालगतच्या पडवीत होता. बाळ रडलं की बिजली कान टवकारायची, रेकायची, आणि तिची कास भरून यायची. पिवळी, हेच नाव पडलं मुलीचं, त्या दुधावर बाळसं धरू लागली. सारिकाला मात्र पहिले काही दिवस पोरीचा रागच यायचा, इतकी रडायची ती. मग एकदा कांदा चिरताना तिच्या लक्षात आलं, बराच वेळ पोर रडली नाही. हातातला कांदा तसाच टाकून ती पाळण्याशी धावली. पिवळी शांत झोपली होती. सारिका तिथंच खाली बसून रडली, आणि त्या दिवसापासून ती त्या पोरीची झाली.

केंद्रातल्या मंगरुळे मॅडमचा अधूनमधून फोन यायचा.

"ताई, ताप आहे का हो? पट्टी गरम दाखवते."

"उन्हात काम असतं, मॅडम."

"तब्येत जपा. आणि बरं का, मायेत तुमचा तालुक्यात पहिला नंबर आहे."

फोन ठेवून नवराबायको पोट धरधरून हसली. पट्टी कानामागं तशीच राहिली. दुधाला बरकत होती, मग काढायची कशाला?

पिवळी चालायला लागली. तिला शब्द एकच यायचा, माय. सारिकाही माय आणि बिजलीही माय.

पुढच्या वर्षी हळद वाळत घातली असताना मंगरुळे मॅडम स्वतः आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "जन्मदात्या आईचा पत्ता लागलाय. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, एकटी होती. आता मुलगी परत मागते. वाईट नाही हो ती."

सारिकानं पिवळीला उचलून पोटाशी धरलं.

"घाबरू नका ताई. थेंब थांबल्यावरही जिची माया टिकते, तिच्याकडं बाळ राहू शकतं, असा कायदा आहे. तुमची नोंद तर इतकी भक्कम आहे की बालकेंद्राची समिती नाही म्हणूच शकणार नाही. दंड दाखवा. पट्टी सील करून न्यायची आहे."

व्यंकट गोठ्याकडं बघत राहिला. सारिकानं बाही वर केली. दंड मोकळा होता.

गोठ्यात जाऊन मॅडमनी पट्टी सोडवली, हातातल्या यंत्रावर धरली. पट्टीला लागलेल्या रक्तावरून यंत्रानं लगेच सांगितलं, म्हैस.

"ताई, ही सगळी नोंद बिजलीची झाली. कागदावर तुम्ही या पोरीवर एक दिवससुद्धा माया केलेली नाही."

"मग आत्ता लावा नवी. आत्ताच्या आत्ता. रडवते मी तिला."

"आत्ता भीतीनंही आकडे चढतील. समिती सहा महिन्यांची नोंद मागते. सुनावणी सोमवारी आहे."

सोमवारी दोघं सगळं खरं सांगून आली. समितीतल्या लोकांनी ऐकून घेतलं, एकाला तर हसू आवरेना, आणि नोंद नाही म्हणून पोर जन्मदात्या आईला द्यायचं ठरलं. बुधवारी पिवळीची जन्मदाती आली, सावळी, बारीक, खाली मान घातलेली. सारिकाला तिचा राग करायचा होता, तोही जमला नाही. कुशीवर निजवलं की लवकर झोपते, एवढंच सारिकानं तिला सांगितलं. गाडीत बसवताना पिवळी माय माय करून रडू लागली आणि गोठ्यातून बिजलीनं तिला ओ दिली. गाडी दिसेनाशी झाली तरी ती रेकतच होती.

निघताना गाडीसोबत आलेल्या मॅडमनी सारिकाच्या हातात एक पाकीट दिलं होतं. "उतारपट्टी आहे. सात दिवस लावा. लागलेला लळा उतरतो. तुमचा पट्टीमुळं लागलेला नाही, पण चालेलही कदाचित."

बिजलीनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. सारिकानं पाकीट फोडलं आणि पट्टी तिच्या कानामागं लावली, आधीच्या पट्टीनं केस गेले होते त्याच जागी.

आठव्या दिवशी बिजली निवांत रवंथ करत बसली होती. पडवीत सारिका झबल्यांच्या घड्या घालत होती, उलगडून पुन्हा घालत होती. तिनं आठ दिवसांत धड जेवण केलं नव्हतं. व्यंकट शेजारी येऊन बसला.

"म्हैस सुटली बघ यातून," तो म्हणाला. "तूच का नाही लावून घेतलीस गं ती?"

सारिकानं हातातलं झबलं नाकाशी नेलं. त्याला अजून दुधाचा वास होता.

"आणि माझाही लळा उतरला असता तर?"